शिंपल्यांची आंघोळ

आमच्या सासूबाईंचं एक तत्त्व आहे. जी वस्तू घासता येते ती घासलीच पाहिजे. भांडी, ओटा, पायऱ्या, दाराची कडी, कुलपाची किल्ली. एकदा ह्यांनी नवीन बूट आणले, तर दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांचे तळसुद्धा घासून ठेवले होते, आणि बूट हातात धरून हे मला विचारत होते की हे पायात घालू की ताटात वाढून घेऊ. किनाऱ्यावर सगळे त्यांना घासणीबाई म्हणतात. म्हणजे पाठीमागे म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

आमचा धंदा शिंपल्यांचा. ओहोटी लागली की खाडीच्या दोन्ही अंगांना चिखल उघडा पडतो. तो घराघरांत वाटलेला आहे, ज्याचा त्याचा पट्टा ठरलेला. आमचा पट्टा पार समुद्राच्या तोंडाशी. गुडघाभर चिखलात वाकून शिंपल्या काढायच्या आणि कंबर धरून घरी यायचं, इथवर सगळ्यांचं सारखंच. पुढे बाकीची माणसं शिंपल्या बादलीत दोनदा खळबळतात आणि विकायला बसतात. आमच्याकडे तसं चालत नाही. आमच्याकडे शिंपल्यांना आंघोळ असते.

आंघोळीचं असं आहे. शिंपली चिखलात राहते, तिच्या पोटात वाळू असते. तिला स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवलं की ती हळूच तोंड उघडते, पाणी आत घेते, बाहेर सोडते, आणि त्या पाण्याबरोबर वाळूही थुंकून टाकते. त्यासाठी आमच्या परसात सिमेंटची मोठी टाकी आहे. भरतीच्या वेळी पंपाने पाणी भरायचं, शिंपल्या सोडायच्या, एक दिवस एक रात्र राहू द्यायच्या. मग त्या काढायच्या आणि पुढची खेप सोडण्याआधी टाकी तारेच्या ब्रशने आतून घासायची. कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्यांत, जीव लावून. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या हातात ब्रश दिला आणि म्हणाल्या, "ही टाकी म्हणजे आपल्या घराचं नाक आहे." तेव्हापासून एक दिवस त्या नाक घासतात आणि एक दिवस मी.

कुरकुर मी भरपूर केली. "आई, टाकी झिजेल," असंही एकदा म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "टाकी झिजत नाही, तुझा उत्साह झिजतो." पण खोटं कशाला बोलू, नाव होतंच आमचं. दाताखाली एक कण आला तर टोपली परत आणा, असं सासूबाई गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायच्या. आजवर एकही टोपली परत आली नाही. मोठी मागणी असली की इतर घरंसुद्धा आपल्या शिंपल्या आमच्याकडे आंघोळीला पाठवायची, आणि त्या दिवशी सासूबाईंची मान अशी ताठ असायची की काही विचारू नका.

अशात एक दिवस तपासणीवाली आली. सरकारी प्रयोगशाळेतली बाई, वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं समजावून सांगणारं. किनाऱ्यावरच्या सभागृहात तिने सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की शिंपली पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यात जे असेल ते तिच्या अंगात साठतं. शिसं, पारा असले जड धातू असले तर तेही साठतात, आणि मग ते खाणाऱ्याच्या अंगात जातात. लहान मुलांना आणि पोटुशा बायकांना तर फारच वाईट. म्हणून सगळ्या किनाऱ्याची तपासणी चालू आहे. प्रत्येक घराने आपल्या पट्ट्यावरच्या शिंपल्यांची एक पिशवी भरून ठेवायची, ती येऊन घेऊन जाईल. आमच्या शिंपलीवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष म्हणजे बर्फाचा कारखाना चालवणारा बर्फवाला. त्याने मान डोलावली आणि पिशव्या गोळा करायचं अंगावर घेतलं.

घरी येताना सासूबाई झपझप पुढे चालत होत्या. फाटक उघडताना म्हणाल्या, "म्हणजे चिखलासकट द्यायच्या?"

"तसंच म्हणाल्या त्या," मी म्हणाले.

"परक्या माणसाच्या हातात? सरकारी माणसाच्या? उद्या ती पिशवी उघडेल, आत चिखल बघेल आणि म्हणेल, काय घाणेरडी माणसं आहेत."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी घेऊन बाहेर पडल्या आणि घरोघरच्या पिशव्या गोळा करून आणल्या. प्रत्येक पिशवी जाळीची, तिला घराच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. सगळ्या टाकीत सोडल्या. सगळ्या किनाऱ्याला आंघोळ. बर्फवाला स्वतः येऊन आभार मानून गेला की वहिनी, तुम्ही किनाऱ्याची लाज राखलीत. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो, तसंच ते आम्हाला वाटलं.

तपासणीवाली आली. पिशव्यांकडे बघून म्हणाली, "अरे वा, किती स्वच्छ." सासूबाई रात्री जेवताना ते वाक्य तीनतीनदा सांगत होत्या.

निकाल आला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्याच्या सगळ्या पिशव्या वाईट. शिसं. खायला परवानगी आहे त्याच्या किती तरी वर. त्याच दिवशी विक्री बंद झाली आणि टोपल्या उलट्या घालून सगळे सभागृहात जमले. शिसं येणार कुठून? खाडीला वर ना गिरणी ना खाण. वर फक्त काठाकाठाने शेतं आणि एक नावा दुरुस्त करायचं आवार.

ते आवार आमच्या काकांचं. म्हणजे माझे चुलतसासरे, सासूबाईंचे धाकटे दीर. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा काका नाकातून शेंबूड गळणारं पोर होते. त्यांची आई लवकर गेली, मग सासूबाईंनीच त्यांना न्हाऊमाखू घातलं आणि मोठं केलं. काका बायकोविना राहिले, आवारातच एका खोलीत राहतात. दिवसभर नावांच्या तळाखाली पाठीवर पडून असतात आणि दुपारी चहाला मात्र न चुकता आमच्याकडे येतात. ते आवार म्हणजे त्यांचं घर, संसार आणि लेकरू, जे काही म्हणाल ते.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तिथं रंग असतो. जुना रंग खरवडतात. तो पाण्यात जातो. पण मोठ्याने कुणी बोलेना, कारण सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटी त्याच उठल्या.

"सगळे माझ्या तोंडाकडे बघताय, मग मीच बोलते," त्या म्हणाल्या. "तो माझा दीर आहे म्हणून मी झाकून ठेवणार नाही. रंगाची घाण त्याच्याच आवारातून येते. त्याने आवार इथून हलवावं."

काका मागच्या भिंतीला टेकून उभे होते. बर्फवाल्याने घसा साफ केला आणि सांगितलं की तपासणीवाली पुन्हा पिशव्या नेणार आहे, त्यांचा निकाल आला की पुढच्या सभेत आवाराचं काय ते ठरवू. पण ठरल्यातच जमा होतं. घासणीबाईंनी स्वतःच्या दिराला सोडलं नाही म्हटल्यावर दुसरं कोण सोडणार.

दुसऱ्या दिवसापासून काका चहाला येईनात. सासूबाई रोज चहाला त्यांच्याही वाटणीचं पाणी ठेवायच्या. चहा झाला की एक कप जास्तीचा ओतायच्या, थोडा वेळ त्याच्याकडे बघायच्या आणि मग स्वतःच पिऊन टाकायच्या. "फुकट कशाला घालवायचा," असं म्हणायच्या. मी काही विचारलेलं नसायचं.

मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. राग कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून मी ह्यांच्यावर काढत होते. "बोला ना काकांशी," मी म्हणायचे. हे म्हणायचे, "आई आणि काका यांच्या मधे मी लहानपणी एकदा पडलो होतो, तेव्हापासून माझा एक दात वाकडा आहे." ह्यांच्याकडून काही होणार नाही, हे मला समजलं.

तपासणीवाली पुन्हा आली ती थेट आमच्याच घरी. संघाच्या नोंदीत पिशव्या देणारं घर म्हणून आमचं नाव होतं. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. ती थोडी गोंधळलेली दिसत होती.

"ताई, मला एक कोडं सुटत नाही," ती म्हणाली. "नावांच्या आवारातून शिसं येत असेल तर आवाराजवळच्या पट्ट्यात ते जास्त पाहिजे आणि समुद्राजवळ कमी. तुमचा पट्टा तर सगळ्यात लांब. पण सगळ्यांचे आकडे जवळपास सारखेच आहेत. एका ताटात जेवल्यासारखे. पिशव्या चिखलातून निघाल्यापासून माझ्या हातात पडेपर्यंत काय काय झालं, ते मला सांगाल का?"

मी सांगायला तोंड उघडलं तोच सासूबाई आल्या. "तिला काय विचारतेस पोरी, मला विचार. मी स्वतः सगळ्यांना आंघोळ घातली."

"आंघोळ?"

"चल, दाखवते."

आम्ही तिघी परसात गेलो. टाकी रिकामी होती, नुकतीच घासलेली, आणि उन्हात आतून शेंदरी चमकत होती. सासूबाईंनी कठड्यावर हात ठेवला. "ही बघ. पूर्वी हिरवी होती. मी आणि सूनबाईने घासून घासून वरचा रंग काढला, तेव्हा खालून हा निघाला. दिवसेंदिवस उजळत चाललीय."

तपासणीवाली वाकली. बोट फिरवून बघितलं तर बोटाला शेंदरी पूड. मग तिने ब्रश उचलला. त्याच्या तारा मुळापर्यंत शेंदरी होत्या. इतकी वर्षं तो ब्रश मी हातात धरत होते, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"आजी, हा रंग कुठला?"

"पक्का रंग आहे. नावेच्या बुडाला लावतात तोच. धाकट्याने लावून दिला. पाण्यात वर्षानुवर्षं राहतो, निघत नाही." मग जरा थांबून, अभिमानाने, "मी मात्र काढला."

तपासणीवालीने जवळची बाटली काढली. चमच्याने थोडा रंग खरवडून बाटलीत घेतला. मग पायात लांब बूट चढवून चिखलात उतरली आणि प्रत्येक पट्ट्यावरच्या शिंपल्या स्वतःच्या हाताने काढून, जशाच्या तशा, चिखलासकट पिशव्यांत भरल्या. सासूबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळ होती की जणू कुणी त्यांच्या देखत गादीवर बूट घालून चढलंय. "निदान वरून पाणी तरी मार गं," त्या दोनदा म्हणाल्या.

फाटकापाशी तिने मला बाजूला घेतलं. नावांच्या जुन्या शेंदरी रंगात शिसं असायचं, असं तिने सांगितलं. घासल्यावर त्याचा बारीक चुरा होतो, चुरा फटींत बसतो, पाणी भरलं की त्यात मिसळतो आणि शिंपली तो गाळून पोटात घेते. "खात्री निकालानंतरच होईल. पण तोवर टाकी वापरू नका, त्यातलं काही खाऊ नका, आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या."

ती गेली आणि मला हसू आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. सगळा किनारा शिसं शोधत होता आणि ते आमच्या परसात, आम्ही हाताने घासून घासून, चांगलं बारीक करून शिंपल्यांना भरवत होतो. जितकी स्वच्छता जास्त तितकं विष जास्त. एवढ्या वर्षांच्या दुखऱ्या खांद्यांचा हिशेब आता चुकता होणार, असंही मनात आलं. आणि मग मी परसात परत गेले, तर सासूबाई ओणव्या होऊन तपासणीवालीच्या बुटांचे चिखलाचे ठसे पुसत होत्या. माझं हसू तिथंच गेलं.

मी चप्पल घातली आणि तडक काकांच्या आवारात गेले. काका एका नावेखाली पडले होते, फक्त पाय दिसत होते. मी पायांनाच सगळं सांगितलं.

पाय जरा आत ओढले गेले. मग आतून आवाज आला, "मला माहीत आहे."

"म्हणजे?"

काका सरपटत बाहेर आले. केसांत लाकडाचा भुसा. "सगळ्यांच्या पिशव्या वहिनींनी टाकीत घातल्या होत्या, हे कळलं तेव्हाच ओळखलं. टाकी रंगवतानाच मी त्यांना सांगत होतो, वहिनी, हा रंग आतून नको, हा बाहेरच्या कामाचा. त्या म्हणाल्या, नाव पाण्यात राहते, शिंपली पाण्यात राहते, फरक काय? शेवटी मीच लावून दिला."

"मग सभेत का नाही बोललात? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"चार लोकांसमोर? त्यांच्या टाकीबद्दल?" काकांनी हात पुसले. "सूनबाई, मला ताप आला की त्या रात्रभर उशाशी बसायच्या. मी आवार हलवीन. माणूस कुठेही नाव ठोकू शकतो."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. काठावर नावा वर ओढायचं लोखंडी चाक आहे, ते त्यांच्या वडिलांनी बसवलेलं. काका त्या चाकाकडे बघत होते.

"आणि टाकी?" मी म्हणाले. "विक्री पुन्हा सुरू झाली की त्या पुन्हा त्यात शिंपल्या सोडतील. लोक खातील. लहान मुलं खातील."

"टाकीला तडा गेलाय असं सांगून फोडून टाकणार होतो."

"काका, तुम्ही नावा चांगल्या दुरुस्त करता. बाकी तुमची अक्कल कुठं गहाण पडलीय ते बघा," असं म्हणून मी निघाले. चुलतसासऱ्यांशी असं बोलायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण ते हसले आणि मला जरा बरं वाटलं.

सांगायचं मलाच होतं. दुसरं कोण सांगणार? सासूबाई मोरीत पातेलं घासत होत्या. मी शेजारी बसले, दुसरं पातेलं घेतलं आणि घासता घासता सगळं सांगितलं. रंगाचं, चुऱ्याचं, पिशव्यांचं. आवाज जितका साधा ठेवता येईल तितका ठेवला.

"माझ्या टाकीत घाण?" त्या म्हणाल्या.

"निकाल यायचाय अजून."

"माझ्या टाकीत," त्या पुन्हा म्हणाल्या. मग त्यांचा हात थांबला. अर्धं घासलेलं पातेलं त्यांनी तसंच खाली ठेवलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "धाकट्याला माहीत आहे?"

"हो."

"आणि तो गप्प बसला."

"हो, आई."

त्या उठून आत गेल्या. रात्री हे घरी आले, मोरीत अर्धवट पातेलं बघितलं आणि घाबरून मला म्हणाले, "आईला बरं नाही का? डॉक्टरला बोलावू?" डॉक्टरकडे आम्ही तसंही गेलोच, सगळेच्या सगळे, रक्त द्यायला. सासूबाई सुईकडे न बघता त्या खोलीतल्या खिडकीच्या काचांकडे बघत होत्या, पण काही म्हणाल्या नाहीत. काच पुसायला फडकंही मागितलं नाही. तेव्हा मात्र मलाही भीती वाटायला लागली.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. सासूबाई नेहमीच्या पुढच्या खुर्चीवर बसल्या. काका नेहमीसारखे मागच्या भिंतीला. तपासणीवाली उभी राहिली आणि म्हणाली, "पहिल्यांदा चांगली बातमी. चिखलातून थेट काढलेल्या शिंपल्या स्वच्छ आहेत. सगळ्या पट्ट्यांवरच्या. तुमच्या खाडीत काही दोष नाही."

असा गलका झाला की बर्फवाल्याला टेबल बडवावं लागलं.

"मग शिसं आलं कुठून?" कुणीतरी विचारलं.

"पिशव्या गोळा केल्यानंतर आलं," ती म्हणाली. "शिंपल्यांच्या पोटात रंगाचा चुरा सापडला आहे. जुना, शिशाचा रंग. तो..."

"तो माझा," मागून काका म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. काका भिंतीपासून एक पाऊल पुढे आले होते. "पिशव्यांची गाडी माझ्या आवारावरून गेली. आम्ही तेव्हा रंग खरवडत होतो, तो उडून बसला असेल. चूक माझी. मी आवार हलवतो. आता हा विषय संपवा."

सभागृह हलकं झालं. अध्यक्षाचा चेहरा तर असा खुलला की जणू त्याला कुणी बर्फाचं गिऱ्हाईक आणून दिलंय. विषय मिटला, किनाऱ्याची लाज राहिली, घासणीबाई तर आधीच बोलल्या होत्या. सगळ्यांचं सगळं नीट जुळत होतं. तपासणीवालीने तोंड उघडलं, पण त्याआधीच पुढच्या रांगेतली खुर्ची करकरली.

सासूबाई उभ्या राहिल्या. लोकांकडे तोंड करून.

"हा खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या. "माझी गाडी आवारावरून गेलीच नाही, मी पलीकडच्या वाटेने आले. शिसं माझ्या टाकीत आहे. रंग त्याचा, पण लाव म्हणणारी मी. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. वर इथंच, याच जागेवर उभी राहून, त्याला घाण म्हणाले."

एरवी सभेत शेंगा खाणाऱ्या माणसांनी शेंगा खिशात घातल्या.

"आणखी ऐका. माझ्याकडून ज्यांनी शिंपल्या नेल्या त्यांनी सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. मी घेतलंय. माझ्यात थोडं जास्त निघालं, सूनबाईच्यातही. डॉक्टर म्हणतात, खाणं बंद केलं की उतरेल. घरात लहान मूल असेल तर उद्याच जा, उगीच अंगावर काढू नका. कुणाला जायला लाज वाटत असेल तर मी येते बरोबर. आणि दूरच्या गिऱ्हाइकांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे. वाळूचा कण आला तर टोपली परत आणा म्हणायचे ना मी. आता मीच घरोघर जाते."

मी आजवर त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण मी मात्र रडले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की माझं नाक गळायला लागलं आणि तपासणीवालीने मला रुमाल दिला. जिच्यासाठी आयुष्यभर घासलं ती अब्रू बाईने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने खाली ठेवली, कशासाठी, तर दिराचं आवार राहावं म्हणून.

बर्फवाला चाचरत म्हणाला, "मग, आवाराचं..."

"आवार जिथं आहे तिथंच राहील," सासूबाई म्हणाल्या. "कुणाचं काही म्हणणं आहे?"

कुणाचंच नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांना टाळ्या नको होत्या. त्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालत मागे गेल्या आणि काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. काका पोराटोरासारखे खाली बघत होते.

"माझ्याकडे बघून सांग," त्या म्हणाल्या. "राग आहे?"

काकांनी मान वर केली. "आहे, वहिनी."

"किती?"

"पुष्कळ."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. पुढे रिकामी पडलेली आपली खुर्ची त्यांनी तशीच सोडली, काकांच्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि बर्फवाल्याला म्हणाल्या, "चालू द्या सभा."